एका रुग्णालयातून दुसऱ्यात पाठवलेल्या हृदयविकार रुग्णांचे निदान-कोडिंग कसे करावे

सुरगाणा, पेठ, कळवण, येवला किंवा मालेगाव परिसरातील माणसाला हृदयविकाराचा झटका आला, तर त्याला आधी जवळच्या ग्रामीण, उपजिल्हा किंवा खासगी रुग्णालयात नेले जाते. तिथे ईसीजी निघतो, शक्य असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते आणि मग १०८ रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या गाडीने त्याला नाशिक शहरातील कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या रुग्णालयात हलवले जाते. काही रुग्ण तिथूनही कसारा घाट उतरून मुंबईला जातात आणि काही अँजिओप्लास्टी झाल्यावर चार-पाच दिवसांनी पुन्हा गावाजवळच्या रुग्णालयात दाखल होतात. झटका एकच असतो, पण त्याच्या दोन किंवा तीन फायली तयार होतात आणि प्रत्येक फाइलवर कोणी ना कोणी निदानाचा कोड, म्हणजे त्या आजाराचा ठरलेला सांकेतिक क्रमांक, लिहीत असतो. रुग्णालयांच्या एमआरडीत (वैद्यकीय नोंद विभागात) काम करणारे नोंदसाहाय्यक, विमा डेस्कवरील कर्मचारी आणि नव्याने कोडिंग शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे.

सगळ्या पद्धतीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. झटक्याचे वय त्रास सुरू झाल्यापासून मोजायचे असते, आपल्या रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे. रुग्णालय बदलले म्हणून झटका जुना होत नाही आणि तो दुसरा झटकाही ठरत नाही.

पुढे कोड देवनागरीत लिहिले आहेत. ‘आय२१’ असे वाचाल तिथे प्रत्यक्ष फॉर्मवर रोमन अक्षर आणि त्यापुढे आकडे लिहावेत. ते अक्षर हाताने लिहिताना ‘एक’ या आकड्यासारखे दिसते आणि संगणकावर भरणारा माणूस ते तसेच टंकतो, म्हणून त्याला वर-खाली आडव्या रेघा देण्याची सवय लावून घ्यावी.

कोणते कोड लागतात

भारतातील रुग्णालये जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० ही वर्गवारी वापरतात. तीव्र हृदयविकाराचा झटका आय२१ या गटात येतो. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा, म्हणजे अँटेरियर वॉलचा पूर्ण जाडीचा झटका आय२१.०, खालच्या म्हणजे इन्फेरियर वॉलचा आय२१.१, इतर जागांचा आय२१.२ आणि जागा न लिहिलेला आय२१.३. ईसीजीतील एसटी हा भाग वर गेलेल्या झटक्याला स्टेमी आणि वर न गेलेल्याला एनस्टेमी म्हणतात; एनस्टेमीसाठी आय२१.४ आणि काहीच तपशील नसेल तर आय२१.९. पहिल्या झटक्यापासून २८ दिवसांच्या आत खरोखर दुसरा झटका आला, तर तो आय२२ मध्ये जातो. झटक्यानंतरच्या काही ठरावीक गुंतागुंती, उदाहरणार्थ हृदयाच्या पडद्याला छिद्र पडणे किंवा जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) गुठळी होणे, आय२३ मध्ये येतात. बरा झालेला, सध्या कोणतीही लक्षणे नसलेला जुना झटका आय२५.२ मध्ये जातो. झटका नसलेला पण अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारे छातीतले दुखणे) असलेला रुग्ण आय२०.० मध्ये बसतो.

आय२१ आणि आय२५.२ यांच्यामधली सीमा चार आठवड्यांची, म्हणजे २८ दिवसांची आहे. ही मोजणी बोटांवर करण्यापेक्षा वार धरून करणे सोपे आणि बिनचूक ठरते. मंगळवार, ३ मार्चला झटका आला असेल, तर चार आठवड्यांनंतरचा मंगळवार, म्हणजे ३१ मार्च, हा आय२१ वापरण्याचा शेवटचा दिवस. १ एप्रिलला तोच रुग्ण कसलाही त्रास नसताना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी आला, तर आय२५.२ द्यावा. त्याच दिवशी तो हृदयाच्या त्याच दुखण्याची लक्षणे घेऊन आला असेल, तर मात्र आय२५.२ लागू होत नाही. चार आठवड्यांहून जास्त काळ चाललेल्या अशा आजारासाठी आय२५.८ आहे.

त्रास सुरू झाल्याची वेळ कशी पकडावी

या कामातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे आणि तो कोडबुकात सापडत नाही. केस पेपरवर बहुतेक वेळा ‘कालपासून छातीत दुखते’ किंवा ‘पहाटेपासून घाम व अस्वस्थता’ असे लिहिलेले असते. ज्या दिवशी ते लिहिले त्या दिवशी त्याचा अर्थ स्पष्ट असतो, पण रुग्ण तिसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात पोहोचतो आणि तिथला निवासी डॉक्टर रेफर चिठ्ठीवरून ‘कालपासून’ हा शब्द जसाच्या तसा उतरवून घेतो, तेव्हा झटक्याची तारीख दोन दिवसांनी पुढे सरकलेली असते. म्हणून पहिल्या रुग्णालयानेच ‘३ मार्च, पहाटे ४ वाजता’ असे तारीख-वेळेसह लिहावे, आणि दुसऱ्या रुग्णालयातील कोडरने ‘काल’, ‘परवा’ असे शब्द दिसले की ते मूळ कोणत्या तारखेच्या कागदावर लिहिले होते, हे आधी शोधावे.

आपल्याकडे दुखण्याची सुरुवात सांगण्याची पद्धतही लक्षात घ्यावी लागते. पित्त झाले असेल, गॅस धरला असेल म्हणून सोडा किंवा ओवा घेऊन रात्र काढलेला रुग्ण डॉक्टरांना पहाटेची असह्य कळ तेवढी सांगतो. आदल्या संध्याकाळची जळजळ बरोबर आलेल्या सुनेच्या किंवा मुलाच्या बोलण्यातून कळते. यातली झटक्याची खरी सुरुवात कोणती, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. दोन कागदांवर दोन वेळा दिसत असतील, तर कोडरने स्वतः एक निवडू नये, लेखी विचारणा करावी.

ईसीजीवरील छापील वेळ हा चांगला पुरावा असला, तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नये. बॅटरी उतरलेल्या किंवा घड्याळ न लावलेल्या मशीनच्या पट्टीवर भलतेच वर्ष छापलेले असते. अशा वेळी परिचारिकेने पट्टीवर पेनाने लिहिलेली तारीख-वेळ आणि सही जास्त विश्वासाची. शिवाय ईसीजीचा कागद थर्मल असतो, तो उन्हाने, उष्णतेने आणि प्लास्टिकच्या पिशवीत राहिल्याने फिका पडतो, त्यामुळे रुग्ण आल्याबरोबर पहिल्या पट्टीची झेरॉक्स काढून फाइलला लावावी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो असेल तर त्याचीही छापील प्रत काढून त्यावर कोणी, केव्हा पाठवला ते लिहावे. इंजेक्शन दिल्यावर ईसीजीतील बदल निवळतात, म्हणून झटक्याचा प्रकार सांगणारा पुरावा बहुतेक वेळा त्या पहिल्या पट्टीतच असतो.

पहिल्या रुग्णालयाने काय लिहावे

रुग्ण आपल्याकडे केवळ पाऊण तास होता, पुढचे सगळे उपचार नाशिकला होणार आहेत, म्हणून आपण फक्त ‘छातीत दुखणे’ असे लिहून मोकळे व्हावे, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. हा समज रुग्णाला महागात पडू शकतो. ईसीजी पाहून डॉक्टरांनी ‘अँटेरियर वॉल एमआय’ (एमआय म्हणजे हृदयविकाराचा झटका) असे निदान केले आणि त्यासाठी इंजेक्शन दिले, तर पहिल्या रुग्णालयाचा मुख्य कोडही आय२१.० हाच आहे. आयसीडी-१० मधील मुख्य निदानाची व्याख्या उपचारांच्या त्या टप्प्याच्या शेवटी ठरलेल्या आणि उपचारांची गरज निर्माण करणाऱ्या आजाराकडे बोट दाखवते. मुक्काम किती तासांचा होता, हे ती विचारत नाही.

विमा क्लेम फॉर्मच्या भाग ब मध्ये डिस्चार्जच्या वेळची स्थिती विचारलेली असते: घरी सोडले, दुसऱ्या रुग्णालयात पाठवले की मृत्यू झाला. पाठवलेल्या रुग्णासाठी तिथे दुसऱ्या रुग्णालयाच्या रकान्यावर खूण करावी. नातेवाइकांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच रुग्णाला हलवले असेल, तर डिस्चार्ज कार्डावर तसे स्पष्ट लिहावे, परंतु त्यामुळे निदानाचा कोड बदलत नाही.

रेफर चिठ्ठीत चार गोष्टी असल्याच पाहिजेत: त्रास सुरू झाल्याची तारीख व वेळ, पहिल्या ईसीजीचे निष्कर्ष, दिलेल्या इंजेक्शनचे नाव आणि ते दिल्याची वेळ. ‘लाइज्ड’ (गुठळी विरघळवली) एवढा एक शब्द पुरेसा नाही. स्ट्रेप्टोकायनेज दिले की टेनेक्टेप्लेज, आणि किती वाजता, हे पुढच्या डॉक्टरांना उपचारासाठीही लागते, कारण इंजेक्शन यशस्वी झाल्यास साधारण ३ ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करण्याची पद्धत आहे आणि ते अयशस्वी झाल्यास लगेच अँजिओप्लास्टी करावी लागते.

दुसऱ्या रुग्णालयाने काय लिहावे

एक उदाहरण घेऊ. कळवण तालुक्यातील ५२ वर्षांचे एक शेतकरी, कांदा काढणीचे दिवस, ३ मार्चला पहाटे ४ वाजता छातीत दुखू लागले. तालुक्याच्या ठिकाणी ईसीजीत व्ही१ ते व्ही४ या छातीवरील लीडमध्ये एसटी वर गेलेला दिसला, साडेसहाला टेनेक्टेप्लेज दिले गेले. दुपारी ते नाशिकला पोहोचले तेव्हा दुखणे थांबले होते आणि एसटी बराच खाली आला होता. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी ९० टक्के अरुंद दिसली, स्टेंट बसवला गेला. ७ तारखेला डिस्चार्ज. समरीच्या पहिल्या ओळीत मजकूर असा: ‘आयएचडी, इव्हॉल्व्ड एडब्ल्यूएमआय, लाइज्ड आउटसाइड, पीटीसीए टू एलएडी, ईएफ ४० टक्के’. यात आयएचडी म्हणजे हृदयाला रक्त कमी पडण्याचा आजार, एडब्ल्यूएमआय म्हणजे पुढच्या भिंतीचा झटका, पीटीसीए म्हणजे अँजिओप्लास्टी आणि ईएफ म्हणजे हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता.

या ओळीत कोडरला चकवणाऱ्या तीन जागा आहेत. ‘आयएचडी’ पाहून आय२५ गटाकडे वळण्याचा मोह होतो, पण रुग्ण दाखल झाला तो तीव्र झटक्यामुळे. रक्तवाहिनीचा जुनाट आजार आय२५.१ म्हणून अतिरिक्त निदानात यावा. ‘इव्हॉल्व्ड’ हा शब्द ईसीजीत क्यू लहरी तयार झाल्या, एवढेच सांगतो. झटका जुना झाला असे तो सांगत नाही, आणि झटका चार-पाच दिवसांचाच असल्याने तो आय२१ मध्येच राहतो. ‘लाइज्ड आउटसाइड’ वाचून उपचार तर बाहेरच झाले, आपल्याकडे फक्त अँजिओप्लास्टी झाली, असे वाटते. तरी मुख्य निदान आय२१.० हेच. एसटी खाली आलेला पाहून कोणी डिस्चार्ज कार्डावर ‘एनस्टेमी’ लिहिले असेल, तर डॉक्टरांना विचारावे, कारण इंजेक्शनमुळे एसटी निवळल्याने मूळ स्टेमीचा एनस्टेमी होत नाही. उलट, सुरुवातीला एनस्टेमी असलेल्या रुग्णात पुढे एसटी वर गेला आणि डॉक्टरांनी स्टेमी असे निदान केले, तर स्टेमीचा कोड द्यावा.

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाटेत किंवा रुग्णालयात झालेल्या गोष्टी अतिरिक्त कोडमध्ये याव्यात. कार्डिओजेनिक शॉक आर५७.०, डाव्या जवनिकेचे फेल्युअर आय५०.१, पूर्ण हार्ट ब्लॉक आय४४.२, आणि रुग्णवाहिकेत हृदय बंद पडून पुन्हा सुरू केले असेल तर आय४६.०. बसवलेल्या स्टेंटचा झेड९५.५ हा कोड मात्र स्टेंट ज्या मुक्कामात बसवला त्याच फाइलवर देऊ नये; तो रुग्ण पुढे पुन्हा दाखल झाल्यावरच्या फायलींसाठी आहे. आपले हे शेतकरी १० मार्चला अशक्तपणा व धाप यासाठी कळवणला पुन्हा दाखल झाले, तर त्या तिसऱ्या फाइलवर, डॉक्टर झटक्याचे उपचार चालू ठेवत असतील तर, आय२१.० आणि सोबत झेड९५.५ असे दोन्ही येतील. तिथे आय२२ देणे चूक आहे.

आय२२ साठी डॉक्टरांनी नवा झटका आल्याचे लिहिलेले असणे आवश्यक आहे: दुखणे पुन्हा सुरू झाले, ईसीजीत नवे बदल झाले, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) पुन्हा चढले, आणि निष्कर्ष ‘री-इन्फार्क्शन’. इंजेक्शनने गुठळी विरघळली नाही म्हणून दुखणे थांबलेच नाही आणि नाशिकला आल्याबरोबर अँजिओप्लास्टी करावी लागली, तर तो पहिलाच, न शमलेला झटका आहे.

झटका नव्हताच असे ठरल्यास

कधी पहिल्या रुग्णालयाला झटक्याची शंका येते आणि नाशिकला तपासण्या केल्यावर झटका नव्हता असे निष्पन्न होते. अशा वेळी दोन्ही फायलींचे कोड वेगळे असणे योग्यच आहे. पहिल्या फाइलवर मागाहून खाडाखोड करू नये. दुसऱ्या रुग्णालयात दुसरे काही कारण सापडले तर त्याचा कोड, आणि झटक्याची शंका निरीक्षणानंतर फेटाळली गेली व आजार सापडला नाही, तर झेड०३.४ द्यावा. हा कोड नेमका झटक्याच्या शंकेसाठी ठेवलेल्या निरीक्षणाचा आहे आणि आपल्याकडे तो फारच कमी वापरला जातो.

अमेरिकन नोंदींवर काम करणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये कोडिंगचे शिक्षण घेणाऱ्या अनेकांना पुढे अमेरिकन रुग्णालयांच्या फायलींवर काम करायचे असते. तिथे आयसीडी-१०-सीएम ही वेगळी, अधिक बारकाव्याची आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. तिच्यात झटका कोणत्या रक्तवाहिनीमुळे आला तेही कोडमध्ये येते: डावी मुख्य वाहिनी आय२१.०१, एलएडी आय२१.०२, उजवी वाहिनी आय२१.११, सर्कमफ्लेक्स आय२१.२१. वरचा रुग्ण तिथला असता, तर अँजिओग्राफी न झालेल्या पहिल्या रुग्णालयाने आय२१.०९ आणि दुसऱ्याने आय२१.०२ दिला असता. शेवटचा अंक वेगळा, पण गट तोच.

तिथल्या मार्गदर्शक सूचनांत चार आठवड्यांच्या आतील झटक्यासाठी, रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला असला तरीही, आय२१ देत राहावा असे स्पष्ट म्हटले आहे. आधीच्या आयसीडी-९-सीएम मध्ये हीच मुदत आठ आठवड्यांची होती आणि पहिला उपचारटप्पा की नंतरचा, हे पाचव्या अंकाने दाखवावे लागे. जुन्या पद्धतीत शिकलेल्या वरिष्ठांच्या बोलण्यात आठ आठवडे आले, तर ते त्या काळचे आहे, हे ध्यानात ठेवावे. आय२२ तिथे एकटा देता येत नाही, त्याच्यासोबत आय२१ लागतोच. टाइप २ झटक्यासाठी (हृदयाची रक्ताची गरज आणि पुरवठा यांचा मेळ बिघडल्याने येणाऱ्या) आय२१.ए१ हा स्वतंत्र कोड असून, चार आठवड्यांच्या आतला दुसरा झटका टाइप २ असेल तर आय२२ ऐवजी तोच द्यायचा असतो. टीपीए हे गुठळी विरघळवणारे औषध दुसऱ्या रुग्णालयात दिल्यापासून २४ तासांच्या आत रुग्ण आला, तर त्याला स्वीकारणाऱ्या रुग्णालयाने झेड९२.८२ हा अतिरिक्त कोड जोडावा. ज्यांनी औषध दिले त्यांनी तो वापरू नये. हा कोड भारतातील फॉर्मवर टाकू नये, तो आपल्या वर्गवारीत नाही.

चुकीच्या कोडचा भार कोणावर पडतो

दोन रुग्णालयांचे दोन क्लेम एकाच टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी त्रयस्थ संस्था; वरच्या औषधाशी याचा संबंध नाही) कार्यालयात पोहोचतात आणि तिथे ते शेजारी ठेवून वाचले जातात. एका फाइलवर आय२१.० आणि दुसरीवर आय२५.२ असेल, तर वाचणाऱ्याला सरळ प्रश्न पडतो की या रुग्णाला आधीही झटका येऊन गेला होता का. मग जुन्या कागदांची मागणी होते आणि पॉलिसीपूर्वीचा आजार असल्याची चौकशी सुरू होते. २०२४ च्या विमा नियमांनुसार अशा आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल ३६ महिन्यांचा आहे. नव्या पॉलिसीधारकाचा क्लेम त्यात अडकला, तर घरच्यांना दागिने किंवा जमिनीचा तुकडा गहाण ठेवण्याची वेळ येते. गंभीर आजारांच्या पॉलिसीत तर ‘पहिला हृदयविकाराचा झटका’ अशीच व्याख्या असते, त्यामुळे चुकीने लिहिलेला आय२२ किंवा आय२५.२ थेट त्या व्याख्येवरच घाव घालतो. ‘के/सी/ओ आयएचडी’ (आयएचडीचा आधीपासून माहीत असलेला रुग्ण) हे तीन दिवसांपूर्वीच कळलेल्या आजारासाठी लिहिणेही याच कारणाने टाळावे. केस पेपर लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरांना हे शांतपणे, पण वेळोवेळी सांगत राहावे.

डॉक्टरांना लेखी विचारणा

विचारणा करताना उत्तर आपणच सुचवू नये. नमुना असा ठेवता येईल: ‘आदरणीय सर, सदर रुग्णाच्या रेफर चिठ्ठीत छातीतील दुखणे ३ मार्च पहाटे ४ पासून असल्याची नोंद आहे, तर आपल्याकडील दाखलपत्रात ५ मार्चपासून अशी नोंद आहे. पहिल्या ईसीजीत एसटी वर गेल्याचा उल्लेख असून डिस्चार्ज कार्डावर एनस्टेमी असे लिहिले आहे. कृपया झटक्याची सुरुवात, प्रकार आणि जागा याबाबत आपले निदान लेखी कळवावे.’ उत्तरावर डॉक्टरांची सही, तारीख आणि वेळ घ्यावी आणि तो कागद फाइलमध्येच ठेवावा.

मधुमेही रुग्णात दुखणे न होताच झटका येऊन जातो आणि तो भलत्याच कारणासाठी काढलेल्या ईसीजीत किंवा टूडी इकोमध्ये सापडतो. तिथे सुरुवातीची वेळ कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांनी ‘अक्यूट’ किंवा ‘रीसेंट’ लिहिले असेल, तर रीसेंट म्हणजे २८ दिवसांच्या आतला का, हे विचारून घ्यावे. फक्त ‘एमआय’ एवढेच लिहिले असेल आणि विचारणेला उत्तर मिळण्याआधी फाइल बंद करावी लागत असेल, तर आयसीडीच्या अनुक्रमणिकेनुसार ते आय२१.९ कडे जाते, आय२५.२ देण्यासाठी तो झटका जुना किंवा बरा झालेला असल्याचे डॉक्टरांच्या हस्ताक्षरात असले पाहिजे.